मेट्रोच्या नकाशात इंटरचेंज दिसते, जिने दिसत नाहीत

जयपूर : मानसरोवरहून बडी चौपडकडे जाणाऱ्या जयपूर मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर राम नगर आणि रेल्वे स्टेशन यांच्या मध्ये सिव्हिल लाइन्स हे स्थानक आहे. राजस्थानचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांची निवासस्थाने याच वसाहतीत असल्याने हे नाव राज्यात सर्वांना ठाऊक आहे. नकाशावर मात्र ते एका रेषेवरील अकरा ठिपक्यांपैकी एक ठिपका आहे. एकच मार्गिका आणि अकरा स्थानके असलेला हा नकाशा देशातील सर्वांत सोप्या मेट्रो नकाशांपैकी एक म्हणावा लागेल. तरीही व्हीलचेअरवरून प्रवास करणाऱ्याला त्यातून आवश्यक ती माहिती मिळत नाही. नकाशा काय सांगतो आणि काय गाळतो, हे समजून घेण्यासाठी मोठ्या शहराच्या गुंतागुंतीच्या जाळ्यापेक्षा हा साधा नकाशाच अधिक उपयोगी आहे.

सिव्हिल लाइन्स हे उन्नत स्थानक आहे. ३ जून २०१५ रोजी मानसरोवर ते चांदपोल हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हाच ते प्रवाशांसाठी खुले झाले. उन्नत स्थानकात प्रवासी रस्त्यावरून आधी तिकीटघराच्या मजल्यावर आणि तेथून फलाटावर चढतो, म्हणजे वर जाण्याचे दोन टप्पे असतात. फलाट रुळांच्या दोन्ही बाजूंना असतील, तर प्रत्येक फलाटासाठी वेगळी लिफ्ट लागते. त्यातील एक बंद पडली की स्थानक एका दिशेच्या प्रवासासाठी सुगम राहते आणि दुसऱ्या दिशेसाठी राहत नाही. शिवाय रस्त्यावरून वर नेणारी लिफ्ट सहसा प्रत्येक प्रवेशद्वाराशी नसते. ती रस्त्याच्या ज्या बाजूला आहे, तेथपर्यंत वाहनांच्या गर्दीतून कसे पोहोचायचे, हा प्रश्न स्थानकात पाऊल ठेवण्याआधीच उभा राहतो. नकाशावरील ठिपक्यात यातले काहीही मावत नाही.

ठिपक्यांना जोडणारी रेषाही असेच बरेच काही गाळते. जयपूर मेट्रोचा काही भाग खाली रस्ता, त्यावर उन्नत रस्ता आणि त्याच्याही वर मेट्रो अशा तिमजली रचनेवरून धावतो. सिंधी कॅम्पनंतर हीच मार्गिका जमिनीखाली शिरते. चांदपोल तसेच २३ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेली छोटी चौपड आणि बडी चौपड ही स्थानके जुन्या शहराच्या पोटात आहेत. सिव्हिल लाइन्सहून बडी चौपडला निघालेला प्रवासी गाडी पकडण्यासाठी लिफ्टने वर जातो आणि गाडीतून उतरल्यावर पुन्हा लिफ्टने वरच जातो. नकाशातील गुलाबी रेषा दोन्हीकडे सारख्याच जाडीची असते.

सिव्हिल लाइन्सनंतरचा थांबा ‘रेल्वे स्टेशन’ आणि त्यापुढचा ‘सिंधी कॅम्प’. पहिला जयपूर जंक्शनला लागून आहे, तर दुसरा राज्य परिवहनाच्या मुख्य बसस्थानकाला. मेट्रोच्या परिभाषेत दोन मेट्रो मार्गिका जेथे भेटतात ते इंटरचेंज. त्या अर्थाने आज जयपूरमध्ये एकही इंटरचेंज नाही. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र शहरातील सर्वांत महत्त्वाचे इंटरचेंज हेच दोन थांबे आहेत, कारण मेट्रो, रेल्वे आणि बस यांची गाठ येथे पडते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मेट्रोच्या दोन मार्गिकांमधील वाट एकाच संस्थेच्या ताब्यात असते आणि ती बांधताना लिफ्टचा विचार झालेला असतो. मेट्रो आणि रेल्वे यांच्यातील वाट मात्र दोन यंत्रणांच्या हद्दीत विभागलेली असते, आणि जिने, उंच कठडे, तुटलेली पायवाट, रिक्षांची रांग असे अडथळे नेमके त्या सीमेवर भेटतात.

जयपूरच्या बाबतीत याला आणखी एक संदर्भ आहे. कृत्रिम पायासाठी जगभर ज्याचे नाव घेतले जाते तो ‘जयपूर फूट’ १९६०च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे हा पाय देशभरातील गरजूंपर्यंत पोहोचला आणि अनेक दिव्यांगांसाठी जयपूर हेच प्रवासाचे ठिकाण झाले. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरताना त्यांना डब्याच्या पायऱ्या उतराव्या लागतात, कारण डब्याची जमीन फलाटापेक्षा उंच असते. नंतर फलाट बदलायचा, स्थानकाबाहेर यायचे आणि मग मेट्रो, बस किंवा रिक्षा यांतून निवड करायची. मेट्रोचा डबा फलाटाच्या जवळपास समपातळीत असतो, ही त्या साखळीतील सर्वांत सुखाची कडी. तेथपर्यंत पोहोचण्याची वाट कोणत्याच नकाशात काढलेली नसते.

मेट्रोचा नकाशा हा खरे तर नकाशा नसून आकृती आहे, हे सर्वमान्य आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत काम केलेल्या हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये विजेच्या मंडलाच्या आकृतीसारखी रचना केली आणि जानेवारी १९३३ मध्ये ती छापून प्रवाशांच्या हाती आली. रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत, आणि स्थानकांमधील अंतरे जवळपास सारखी. भुयारात बसलेल्या प्रवाशाला वरचा भूगोल नको असतो, पुढचे स्थानक कोणते आणि गाडी कोठे बदलायची एवढेच हवे असते, हा बेक यांचा विचार होता. साध्या स्थानकाला त्यांनी रेषेवरून बाहेर आलेली छोटी खूण दिली, तर इंटरचेंजला चौकट-इस्पिकातील चौकटीसारखा आकार. पुढे त्या जागी वर्तुळ आले आणि दोन वर्तुळे पांढऱ्या पट्टीने जोडण्याची रीत रुजली. आज जगातील बहुतेक मेट्रो नकाशे हीच भाषा वापरतात.

या भाषेत इंटरचेंजचे वर्तुळ एकच गोष्ट सांगते : येथे गाडी बदलता येते. ती किती चालून, किती पायऱ्या चढून, किती वेळात बदलता येते, हे ते सांगत नाही. लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कस स्थानकात व्हिक्टोरिया आणि बेकरलू या मार्गिकांचे फलाट एकाच पातळीवर शेजारी जोडलेले आहेत. तेथूनच सेंट्रल मार्गिकेकडे जायचे, तर जिने लागतात. नकाशावर तिन्हींसाठी खूण सारखीच. दिल्लीत विमानतळ एक्स्प्रेस मार्गिकेवरील धौला कुआँ आणि गुलाबी मार्गिकेवरील दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस ही स्थानके फेब्रुवारी २०१९ मध्ये सुमारे १.२ किलोमीटरच्या आकाशमार्गाने जोडली गेली. त्यावर सरकते पट्टे बसवलेले आहेत. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही. नोएडातील सेक्टर ५१ आणि सेक्टर ५२ ही दोन वेगवेगळ्या मेट्रो संस्थांची स्थानके सुमारे ३०० मीटर अंतरावर उभी राहिली. प्रवाशाने एकातून बाहेर पडून दुसऱ्यात जायचे, आणि याचेही नाव इंटरचेंजच. सुदृढ प्रवाशासाठी हा चार-पाच मिनिटांचा कंटाळा आहे. हाताने चाके फिरवणाऱ्यासाठी तीच वाट प्रवास करायचा की नाही हे ठरवते.

व्हीलचेअरच्या चिन्हाचा इतिहास नकाशाच्या इतिहासापेक्षा अलीकडचा आहे. डेन्मार्कच्या सुसान कोफोड या विद्यार्थिनीने १९६८ मध्ये रिकाम्या व्हीलचेअरची रेखाकृती तयार केली. पुढच्या वर्षी तीत डोक्याचे वर्तुळ घालून खुर्चीवर माणूस बसवण्यात आला आणि हे आंतरराष्ट्रीय चिन्ह झाले. दरवाजावर किंवा शौचालयावर लावायला ते उत्तम आहे, कारण तेथे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. स्थानकाच्या बाबतीत मात्र उत्तर इतके सरळ नसते आणि नकाशाकारांना ते हळूहळू उमगत गेले.

लंडनच्या नकाशावर आता दोन प्रकारची चिन्हे आहेत. निळ्या वर्तुळातील पांढरी व्हीलचेअर म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या वर्तुळातील निळी व्हीलचेअर म्हणजे रस्त्यापासून फलाटापर्यंतच पायरी नाही, पुढे फलाट आणि डबा यांच्यात फट किंवा उंचीचा फरक असू शकतो. रंगांच्या या एका उलटापालटीत मोठा फरक सामावला आहे. फलाटावर पोहोचूनही गाडीत शिरता न येणे म्हणजे काय, हे मुंबईच्या उपनगरीय रेल्वेचा प्रवासी वेगळे सांगायला नको. न्यूयॉर्कच्या नकाशात काही स्थानकांपुढे व्हीलचेअरबरोबर बाणही असतो, कारण तेथे एकाच दिशेचा फलाट सुगम आहे. एका दिशेने जाता येते आणि परत येता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्या शहरातील ४७२ स्थानकांपैकी ९५ टक्के स्थानके २०५५ पर्यंत सुगम करण्याचे बंधन तेथील परिवहन संस्थेने २०२२ च्या तडजोडीत स्वीकारले आहे. शंभर वर्षांपूर्वी लिफ्टविना बांधलेल्या भुयारांची ही किंमत आहे.

वॉशिंग्टनचे उदाहरण उलट दिशेचे. तेथील मेट्रो १९७६ मध्ये सुरू झाली, पण गॅलरी प्लेस हे स्थानक लिफ्ट नसल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत उघडता आले नाही. त्या जाळ्यात प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. त्यामुळे प्रत्येक ठिपक्यापुढे व्हीलचेअर काढण्याची गरज उरत नाही. येथे एक बारीक अडचण निर्माण होते. लंडनच्या नकाशात स्थानकापुढे चिन्ह नसेल, तर त्याचा अर्थ ‘येथे जिने आहेत’. वॉशिंग्टनमध्ये चिन्ह नसणे म्हणजे ‘सर्वत्र लिफ्ट आहे’. एकच रिकामी जागा परस्परविरुद्ध दोन गोष्टी सांगते, आणि अनोळखी शहरातील प्रवाशाला त्यातली कोणती खरी हे कळायला मार्ग नसतो.

भारतीय मेट्रो नकाशांची रिकामी जागा बहुतांशी वॉशिंग्टनसारखी आहे. दिल्लीची मेट्रो २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली. तोपर्यंत १९९५चा अपंग व्यक्ती अधिनियम लागू झाला होता. त्यामुळे दिल्लीत आणि तिच्या मागोमाग आलेल्या शहरांत लिफ्ट, उतार आणि दृष्टिहीनांसाठी स्पर्शखुणांच्या फरशा आराखड्यातच होत्या. स्थानकागणिक व्हीलचेअरचे चिन्ह छापण्याची प्रथा येथे सहसा रुजली नाही. अपवाद कोलकात्याचा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या मार्गिकेची जुनी स्थानके लिफ्टविना बांधली गेली आणि काही ठिकाणी ती नंतर बसवण्यात आली. देशभर फिरणाऱ्या प्रवाशाने दिल्लीची सवय घेऊन कोलकात्याच्या नकाशाकडे पाहिले, तर त्याची फसगत होणे शक्य आहे.

जनगणना २०११ नुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत आणि त्यांतील सुमारे ५४ लाख व्यक्तींना चालण्या-फिरण्याशी संबंधित दिव्यांगत्व आहे. लिफ्टची गरज त्यांच्यापुरती मर्यादित नाही. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठ नागरिक, गरोदर महिला, बाबागाडी घेतलेले पालक, सामान ओढणारे प्रवासी हे सारेच याच वाटेने जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांवरील सुविधा सुगम्यतेच्या निकषांनुसार असाव्यात, अशी तरतूद आहे. हे निकष प्रत्यक्षात किती बंधनकारक, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाला बंधनकारक निकष अभिप्रेत असताना नियमाने केवळ शिफारसवजा मार्गदर्शक सूचना पुढे केल्या, असे न्यायालयाचे म्हणणे होते. बंधनकारक नियम तीन महिन्यांत आखण्याचा आदेश केंद्राला देण्यात आला. लिफ्ट असणे आणि ती कोठे आहे हे आधी कळणे, या दोन्ही गोष्टी सुगम्यतेत मोडतात. दुसरीकडे आजवर कमी लक्ष गेले आहे.

महाराष्ट्रात हा विषय येत्या काळात अधिक जाणवेल, कारण इंटरचेंजची संख्या येथे झपाट्याने वाढते आहे. पुण्यातील जिल्हा न्यायालय स्थानकात वनाज–रामवाडी ही उन्नत मार्गिका आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट ही तेथे भुयारी असलेली मार्गिका भेटतात. भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि दुसरा फलाट रस्त्याच्याही वर. म्हणजे एका मार्गिकेवरून दुसरीवर जाताना प्रवाशाला दहा मजली इमारतीएवढी किंवा त्याहून अधिक उंची पार करावी लागते. सरकते जिने आणि लिफ्ट यांमुळे ते शक्य होते, पण लिफ्टपुढे रांग लागते आणि टप्पे बदलावे लागतात. नकाशावर हे स्थानक दोन रंगांच्या छेदावरील एक वर्तुळ आहे. नागपूरच्या सीताबर्डीत दोन्ही मार्गिका उन्नत आहेत, एकीवरून दुसरी जाते. तेथे उंचीचा फरक तुलनेने कमी, वर्तुळ मात्र पुण्याइतकेच. (नागपुरातही सिव्हिल लाइन्स आहे आणि दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर त्याच नावाचे भुयारी स्थानक आहे. मोबाइलवर स्थानकाचे नाव शोधताना आधी शहर तपासणे बरे.)

मुंबईचा प्रश्न वेगळा आहे. तेथे इंटरचेंज म्हणजे बहुतेक वेळा दोन संस्थांच्या सीमेवरची भेट. घाटकोपर आणि अंधेरी येथे मेट्रो १ उपनगरीय रेल्वेला भेटते. गुंदवली आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग ही दोन नावे धारण करणारी शेजारची स्थानके दोन मेट्रो संस्थांची आहेत. डी. एन. नगर आणि अंधेरी पश्चिम यांचे तसेच. मरोळ नाका येथे उन्नत मेट्रो १ आणि भुयारी मेट्रो ३ भेटतात, आणि तेथे तिसरी संस्था येते. नवख्या प्रवाशाला वेगवेगळ्या नावांची ही स्थानके एकमेकांना जोडलेली आहेत, हेच मुळात उमगत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपमुळे ११ सार्वजनिक वाहतूक यंत्रणांचे तिकीट एका ठिकाणी आले. तिकीट एक झाले तरी जोडपुलावरील लिफ्ट कोणाच्या ताब्यात, ती बंद पडल्याची सूचना कोणी द्यायची, हे प्रश्न त्यातून आपोआप सुटत नाहीत.

उपनगरीय रेल्वेच्या नकाशात तर काही इंटरचेंज वर्षानुवर्षे खुणेविनाच राहिली. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी, दोन वेगळ्या रेषांवरील दोन वेगळी नावे. हजारो प्रवासी रोज पादचारी पुलावरून एकातून दुसऱ्यात जात होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचे कारण नकाशा नव्हता. पण प्रवासी ज्या जागेला इंटरचेंज मानतात तिला कागदावरही तसे मानले गेले, तर तेथील जिन्याची रुंदी आणि लिफ्ट यांचा हिशेब निदान मांडावा लागतो.

छापील नकाशात सारे काही कोंबता येत नाही, हेही खरे. प्रत्येक स्थानकापुढे लिफ्टची संख्या, अंतर आणि पातळी लिहिली, तर बेक यांनी दिलेला सोपेपणाच हरवेल. म्हणून अलीकडे ही जबाबदारी माहितीसंचाकडे सोपवली जाते. वाहतुकीची वेळापत्रके ॲपपर्यंत पोहोचवण्यासाठी जगभर ‘जीटीएफएस’ नावाचा प्रमाणित नमुना वापरला जातो. त्यात प्रत्येक थांब्यासाठी व्हीलचेअरचा एक रकाना आहे : शून्य म्हणजे माहिती नाही, एक म्हणजे शक्य, दोन म्हणजे अशक्य. ‘माहिती नाही’ आणि ‘अशक्य’ यांना वेगळे अंक देण्यात शहाणपण आहे, कारण छापील नकाशाची रिकामी जागा नेमका हाच भेद पुसून टाकते. याच नमुन्यात स्थानकाच्या आतील वाटांचीही सोय आहे. प्रवेशद्वार ते तिकीट फाटक, फाटक ते फलाट असा प्रत्येक तुकडा जिना आहे, सरकता जिना आहे, उतार आहे की लिफ्ट, आणि तो पार करायला किती सेकंद लागतात, हे त्यात नोंदवता येते. ही नोंद असेल, तर ॲप व्हीलचेअरवरील प्रवाशाला जिना वगळून मार्ग सुचवू शकते. नसेल, तर ते सर्वांना एकच वाट दाखवते आणि ती वाट चालणाऱ्याची असते.

स्वयंसेवकांनी घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्येही व्हीलचेअरसाठी ‘होय’, ‘मर्यादित’ आणि ‘नाही’ असे तीन पर्याय आहेत. जर्मनीत २०१० मध्ये सुरू झालेला ‘व्हीलमॅप’ त्यावरूनच ठिकाणे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दाखवतो, आणि नोंद नसलेले ठिकाण करड्या रंगात. स्थानकाची पाहणी करून अशी नोंद करण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. लिफ्ट कोणत्या दारापाशी आहे, ती कोणत्या फलाटावर उतरवते आणि वाटेत पायरी आहे का, एवढे पाहून यावे लागते.

जयपूर मेट्रोची गुलाबी मार्गिका बडी चौपडच्या पुढे ट्रान्सपोर्ट नगरकडे वाढवली जात आहे आणि उत्तर-दक्षिण धावणारी दुसरी मार्गिका प्रस्तावित आहे. ती आली की अकरा ठिपक्यांच्या त्या सरळ रेषेवर पहिल्यांदाच इंटरचेंजचे वर्तुळ काढावे लागेल. तोपर्यंत सिव्हिल लाइन्सहून व्हीलचेअरवर निघणाऱ्याने रेल्वे पकडण्यासाठी किती आधी निघावे, याचे उत्तर नकाशात नाही. ते स्थानकावरील कर्मचाऱ्यालाच विचारावे लागते.